खाशाबांचा गुडघा

१९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक जिंकून खाशाबा जाधव यांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून दिले, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पुढचे ऑलिम्पिक १९५६ साली मेलबर्नला झाले. तिथे खाशाबा नव्हते. स्पर्धेपूर्वी त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि दुसऱ्या पदकाची वाट तिथेच बंद झाली. भारताच्या खात्यात पुढचे वैयक्तिक पदक पडायला १९९६ साल उजाडावे लागले. अटलांटाला टेनिसमध्ये लिअँडर पेसने ते मिळवले. मधली ४४ वर्षे कोरडी गेली.

आज या सदरात खाशाबांचे आयुष्य सांगायचे आहे, ते त्यांच्या गुडघ्याच्या बाजूने. त्याला कारण आहे. विसरवाडी, खांडबारा, चिंचपाडा या पट्ट्यात कबड्डी आणि खो-खो खेळणारी, यात्रेतल्या कुस्त्यांत उतरणारी मुले-मुली पुष्कळ. त्यांतल्या कुणाचा तरी गुडघा दर हंगामात मुरगळतो. धुळे-सुरत महामार्गावर दुचाकीवरून पडलेले, पावसाळ्यात बांधावरून घसरलेले वेगळेच. मग तपासणी होते आणि लिगामेंट अर्धवट फाटले आहे असे सांगितले जाते. घरात लगेच दोन प्रश्न उभे राहतात. ऑपरेशन करावे लागेल का? आणि पाय पुन्हा पहिल्यासारखा चालेल का? या दोन्हींची उत्तरे खाशाबांच्या काळात फार धूसर होती. आज ती बरीच स्पष्ट आहेत.

गोळेश्वरचा मुलगा

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते, त्यामुळे लाल माती घरातच होती. आठव्या वर्षीच त्यांनी परिसरातल्या एका नावाजलेल्या मल्लाला दोन मिनिटांत चीत केले, असे सांगितले जाते. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. १९४२ च्या चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याच्या कामातही ते होते.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. तिथे बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या हाताखाली त्यांची कुस्ती घडली. अंगकाठी लहान, पण चपळाई आणि डावांची समज विलक्षण. त्यांचा हुकमी डाव म्हणजे ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत पकडायची, पाय रोवायचा, कमरेवरून वळायचे आणि त्याला पाठीवर आणायचे. हा डाव ध्यानात ठेवा. गुडघ्याचे शास्त्र समजून घेताना तो पुन्हा लागणार आहे.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला ते गेले. खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मातीत वाढलेल्या या मल्लाला गादीवरची कुस्ती आणि आंतरराष्ट्रीय नियम, दोन्ही नवीन होते. तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले. लंडनमध्ये अमेरिकेच्या रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन त्यांना मिळाले.

चार वर्षांनी हेलसिंकीचे तिकीटही सहज मिळाले नाही. निवडीवरून वाद झाला, दाद मागावी लागली, पुन्हा कुस्ती खेळून स्वतःला सिद्ध करावे लागले. मग पैशांचा प्रश्न आला. गावोगाव फिरून वर्गणी गोळा झाली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. एका विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी प्राचार्याने राहते घर पणाला लावावे, असा तो काळ आणि अशी ती माणसे.

हेलसिंकीत ५७ किलोच्या बँटमवेट गटात त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची लढत लांबली आणि त्यात ते पराभूत झाले. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत मल्लाविरुद्ध उतरावे लागले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता, पण तो सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेल्या शरीराने ते लढले आणि हरले. २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक त्यांच्या गळ्यात पडले. त्यांच्याबरोबर गेलेले कोल्हापूरचे केशव माणगावे यांचे पदक थोडक्यात हुकले.

खाशाबा परतले तेव्हा कराडच्या स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले, त्यातून पैसा उभा केला आणि खर्डेकरांचे गहाण घर सोडवले. पदकापेक्षा ही गोष्ट लहान नाही.

१९५५ साली ते मुंबई पोलिसांत उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. मेलबर्न वर्षभरावर आले होते. वय तिशीकडे झुकलेले, अनुभव दोन ऑलिम्पिकचा. आणि त्याच सुमारास गुडघा गेला.

कुस्तीत गुडघाच का?

गुडघा हा शरीरातला मोठा सांधा, पण रचनेने तसा उघडा. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे हाड. दोघांची टोके एकमेकांत खुबीसारखी घट्ट बसलेली नसतात, एकावर एक टेकलेली असतात. त्यांना जागेवर धरून ठेवण्याचे काम चार मुख्य लिगामेंट करतात. लिगामेंट म्हणजे हाडाला हाड जोडणारा चिवट पट्टा, मराठीत अस्थिबंध. आतल्या बाजूला एक, बाहेरच्या बाजूला एक आणि सांध्याच्या मध्यभागी एकमेकांना फुलीसारखे छेदणारे दोन. या दोघांतल्या पुढच्या अस्थिबंधाला डॉक्टर एसीएल म्हणतात. नडगीचे हाड पुढे सरकू नये आणि गुडघा नको तितका पिळला जाऊ नये, ही त्याची राखण. आतल्या बाजूच्या पट्ट्याला एमसीएल म्हणतात. गुडघा आत वाकू नये हे तो पाहतो. हाडांच्या मध्ये दोन गाद्या असतात, त्या धक्के झेलतात.

आता ढाक आठवा. पाय जमिनीत रोवलेला, वरचे शरीर वेगाने वळलेले, त्यावर प्रतिस्पर्ध्याचे वजन. पाऊल जागेवर आणि मांडी वळते, तेव्हा सगळा पीळ गुडघ्यावर येतो. एकेरी पट काढताना उलट होते. आपला पाय दुसऱ्याच्या हातात असतो आणि तो बाजूला ओढत असतो. अशा वेळी आतला पट्टा ताणला जातो. मातीत पाऊल थोडे घसरून पीळ सोडून देते. गादीवर रबरी तळव्याचा बूट घट्ट धरून राहतो. जगभरातल्या कुस्तीत सर्वाधिक दुखापत होणाऱ्या सांध्यांत गुडघा येतो, त्यामागे हे यंत्रशास्त्र आहे.

कबड्डीतही तेच घडते. चढाई करणारा वेगात दिशा बदलतो, त्याच क्षणी कुणीतरी घोटा धरतो. पाऊल अडकते, शरीर वळते. अनेकदा आत कट असा आवाज येतो आणि काही तासांत गुडघा टरारून सुजतो. इतक्या लवकर आलेली सूज म्हणजे बहुधा सांध्यात रक्त उतरलेले असते. ती मुरगळ समजून सोडून देऊ नये. मुलींमध्ये अशा वळणाच्या खेळांत एसीएलच्या दुखापतीचे प्रमाण मुलांच्या तुलनेत दुप्पट किंवा त्याहूनही अधिक आढळते. आश्रमशाळांतल्या कबड्डी आणि खो-खोच्या संघांनी हे लक्षात ठेवावे.

१९५६ चा वैद्य काय पाहू शकत होता?

खाशाबांच्या काळी गुडघ्याची दुखापत असे म्हटले की बोलणे तिथेच संपत असे. आत नेमके काय तुटले, किती तुटले, हे पाहण्याचे साधनच डॉक्टरांच्या हाती नव्हते. एक्स-रे होता, पण त्यात हाडे दिसतात, लिगामेंट दिसत नाही. हाताने तपासणी होत असे, पण एसीएलसाठी आज जी तपासणी सर्वांत भरवशाची मानतात ती लॅकमन तपासणी वैद्यकीय नियतकालिकात आली १९७६ साली. गुडघ्यात दुर्बीण घालून पाहण्याचे व्यवहार्य उपकरण टोकियोच्या मासाकी वातानाबे यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध केले. माणसाच्या शरीराचा पहिला एमआरआय १९७७ साली निघाला आणि गुडघ्यासाठी त्याचा सर्रास वापर त्यानंतर कितीतरी वर्षांनी सुरू झाला.

शस्त्रक्रिया अगदीच अज्ञात होती असे नाही. ब्रिटनचे अर्नेस्ट हे ग्रोव्ह्ज यांनी १९१७ मध्येच मांडीच्या बाहेरच्या बाजूचा पट्टा वापरून नवा एसीएल बसवला होता. पण गुडघा मोठा चिरून उघडावा लागे आणि नंतर तो ताठर होण्याची भीती असे. त्यामुळे नेहमीचा मार्ग होता मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर आणि कित्येक आठवडे विश्रांती. प्लास्टर निघे तेव्हा मांडी वाळलेली आणि सांधा आखडलेला. पैलवानाच्या दृष्टीने हा दुहेरी तोटा. लिगामेंट भरून आले तरी त्याला आधार देणारा स्नायू गेलेला असायचा.

याच काळात एक नवा विचार मूळ धरत होता. अमेरिकन लष्करातले डॉक्टर थॉमस डेलॉर्म यांनी दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या गुडघ्यांवर एक पद्धत वापरून १९४५ साली ती प्रसिद्ध केली. दुखऱ्या पायाला नुसती विश्रांती न देता मोजून वजन द्यायचे आणि ते हळूहळू वाढवत न्यायचे. मांडीचा स्नायू परत आला की गुडघा सावरतो, हे त्यांनी दाखवले. आजच्या फिजिओथेरपीचा एक मोठा पाया हाच आहे. आपल्या तालमीत जोर-बैठकांनी भार देणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. दुखावलेल्या गुडघ्याला किती भार, कोणत्या आठवड्यात आणि किती वाकवून द्यायचा, हे मोजमाप मात्र नंतर आले.

अर्धवट फाटले म्हणजे किती?

लिगामेंटच्या दुखापतीच्या तीन पायऱ्या मानतात. पहिलीत धागे ताणले जातात, पण सांधा स्थिर असतो. दुसरीत काही धागे तुटतात. यालाच अर्धवट फाट म्हणतात. तिसरीत पट्टा पूर्ण तुटतो. उपचार ठरवताना किती धागे तुटले याच्या जोडीला आणखी एक गोष्ट पाहावी लागते. उरलेले धागे गुडघ्याला धरून ठेवतात की नाही? एमआरआयवर अर्धवट फाट दिसली आणि गुडघा हाताला घट्ट लागला, तर तो चांगला संकेत आहे. कागदावर फाट लहान, पण चालताना गुडघा दगा देतो, तर कागदावर विसंबून चालत नाही. म्हणूनच अनुभवी अस्थिरोगतज्ज्ञ एमआरआय पाहण्याआधी स्वतः पाय हातात घेऊन तपासतात. पहिल्या काही दिवसांत सूज आणि वेदनेमुळे स्नायू आखडलेले असतात, तपासणी फसवू शकते. त्यामुळे आठवडा-दहा दिवसांनी पुन्हा दाखवायला बोलावले तर जायला हवे.

कोणते लिगामेंट फाटले यावरही पुष्कळ अवलंबून असते. आतल्या बाजूचा एमसीएल चांगला भरून येतो. त्याला रक्तपुरवठा आहे, भोवती भरण्याला आधार आहे. त्याची अर्धवट फाट बहुतेकदा बिजागरीचा पट्टा, म्हणजे ब्रेस, आणि व्यायाम यांवर साधारण सहा आठवड्यांत, कधी त्याहून थोड्या अधिक काळात बरी होते. ऑपरेशन क्वचितच लागते. एसीएल मात्र सांध्याच्या द्रवात बुडालेला असतो. तिथे रक्ताची गुठळी टिकत नाही, त्यामुळे तुटलेले टोक सहज जुळत नाही. तरीही फाट अर्धवट असेल, उरलेले धागे शाबूत असतील आणि गुडघा स्थिर असेल, तर आधी व्यायामोपचाराची पूर्ण संधी देणे हाच रूढ मार्ग आहे. त्याला तीन ते सहा महिने लागतात. काहींच्या बाबतीत अर्धवट फाट पुढे पूर्ण होते, म्हणून ठरलेल्या वेळी पुन्हा तपासून घेणे चुकवू नये.

बरे होण्याचा रस्ता

पहिले एक-दोन आठवडे सूज उतरवण्याचे. पाय उंचावर ठेवणे, दाबपट्टी बांधणे, कापडात गुंडाळलेला बर्फ दिवसातून काही वेळा १५ ते २० मिनिटे लावणे आणि गरज पडल्यास कुबड्या. या काळात गुडघा चोळू नये, जोरात ओढून बसवू नये. गावातल्या वस्तादाचा किंवा हाडवैद्याचा हेतू चांगलाच असतो, पण ताज्या फाटलेल्या धाग्यांवर दाब आणि झटका नुकसान करतो. गुडघ्याखाली उशी ठेवून दिवसभर पडून राहण्याची सवयही टाळावी. बरे वाटते, पण पाय पूर्ण सरळ होईनासा होतो.

मांडीचा स्नायू मात्र पहिल्या दिवसापासून जागा ठेवायचा. गुडघ्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाच मोजायचे, सोडायचे. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. टाच घसरवत गुडघा दुखणार नाही इतपत वाकवायचा. हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घेतले की घरी होते.

सूज उतरली आणि लंगडणे थांबले की पुढचा टप्पा. जागेवरची सायकल, भिंतीला पाठ लावून अर्धी बैठक, पायरीवर चढ-उतार, एका पायावर तोल सांभाळणे. वाळू भरलेली पिशवी घोट्याला बांधून वजन वाढवता येते, पण कोणता व्यायाम वजनासह करायचा हे विचारून. मांडीच्या मागचे स्नायू विसरू नयेत. नडगीचे हाड मागे खेचून धरणारे ते एसीएलचे साथीदार आहेत. पूर्ण खोल बैठका आणि पिळाच्या हालचाली या काळात नकोत.

साधारण तीन महिन्यांनंतर, गुडघा शांत असेल तर, सरळ रेषेत पळणे. मग वळणे, उड्या, मग सराव आणि सर्वांत शेवटी सामना. कॅलेंडरवर महिना संपला म्हणून मैदानात उतरायचे नसते. सूज नाही, हालचाल पूर्ण आहे, दुखऱ्या पायाची ताकद आणि एका पायावरची उडी चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के आहे, इतके जमले की परतायचे. घरी एक सोपी खूण पाहता येते. गुडघ्याच्या वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर टेप लावून दोन्ही मांड्यांचा घेर मोजा. दुखरी मांडी स्पष्ट बारीक दिसत असेल तर काम बाकी आहे.

ऑपरेशन केव्हा?

नीट व्यायाम करूनही गुडघा वारंवार दगा देत असेल, तपासणीत सांधा ढिला लागत असेल, गादी फाटून गुडघा अडकत असेल किंवा एकाहून अधिक लिगामेंट गेले असतील, तेव्हा ऑपरेशनचा विचार होतो. दुर्बिणीतून होणाऱ्या या शस्त्रक्रियेत रुग्णाचाच मांडीमागचा किंवा वाटीखालचा कंडरा काढून नवा एसीएल बसवतात. वाढीच्या वयातल्या मुलांची हाडे अजून वाढत असतात, त्यांच्याबाबत निर्णय अधिक जपून घ्यावा लागतो.

एसीएल पूर्ण तुटलेल्यांतही घाई सर्वांनाच लागत नाही, हे स्वीडनमधल्या एका गाजलेल्या चाचणीने दाखवले. २०१० साली तिचे निष्कर्ष आले. १२१ तरुणांपैकी काहींची लवकर शस्त्रक्रिया झाली, बाकीच्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत लक्षणीय फरक आढळला नाही आणि दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून अधिक लोकांना तोवर ऑपरेशन लागलेच नव्हते. अर्थात यात व्यावसायिक खेळाडू नव्हते. रोज पीळ घेणाऱ्या पैलवानाचा किंवा कबड्डीपटूचा निर्णय वेगळा असू शकतो.

ऑपरेशन केले म्हणजे व्यायाम सुटला असेही नाही. नंतर तोच रस्ता पुन्हा चालावा लागतो, अधिक लांबचा. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ साली मांडलेल्या अभ्यासात, ऑपरेशननंतर नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबवले, तितका पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्यामागे सुमारे निम्म्याने घटत गेला. प्लेटलेटची किंवा स्टेम सेलची महागडी इंजेक्शने अर्धवट फाट जुळवतात, याला अजून पुरेसा पुरावा नाही. कर्ज काढून ती घेण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. आणि वेदना मारणारे इंजेक्शन घेऊन सामना खेळणे म्हणजे धोक्याची घंटा बंद करून ठेवणे.

गुडघा अडकून सरळ होत नसेल, पायावर अजिबात भार देता येत नसेल, पाऊल गार किंवा बधिर पडले असेल, पोटरी सुजून दुखत असेल, तर थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बाकी तपासणीसाठी नवापूर, नंदुरबार किंवा पलीकडे सुरतला जावे लागले तरी, आधी गुडघा हाताने तपासणारा तज्ज्ञ गाठावा आणि एमआरआय त्याच्या सांगण्यावरून काढावा. शस्त्रक्रिया लागलीच, तर ती शासकीय योजनेत बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावे.

वेळेची किंमत

या सगळ्यात सर्वांत महाग औषध म्हणजे वेळ. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात तीन महिने पाय जपणे म्हणजे तीन महिन्यांची मजुरी. पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला एक भरती चुकणे म्हणजे वर्ष गेल्यासारखे वाटते. खाशाबांपुढे तर ऑलिम्पिक होते, चार वर्षांतून एकदा येणारे. त्यांना मेलबर्न सोडावे लागले आणि १९६० पर्यंत त्यांचे वय ३४ झाले असते.

पण गुडघ्याने त्यांचे ऑलिम्पिक नेले, आयुष्य नेले नाही. पोलीस खात्यात त्यांनी सुमारे २७ वर्षे सेवा केली. खात्याच्या स्पर्धा गाजवल्या, क्रीडा प्रशिक्षक म्हणून इतरांना घडवले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. मान मात्र उशिराच वाट्याला आला. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या ज्योतयात्रेत त्यांना सहभागी करून घेतले, तेव्हा हेलसिंकीला तीस वर्षे झाली होती. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. शिवछत्रपती पुरस्कार, अर्जुन पुरस्कार, दिल्लीतल्या कुस्ती संकुलाला नाव, हे सारे त्यांच्या मागे आले. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

त्या दिवशी शाळांत त्यांच्या फोटोला हार घातला जातो. त्याच्या जोडीला क्रीडाशिक्षकांनी आणखी एक करावे. खेळाआधी पंधरा मिनिटांचा नीट वॉर्मअप घ्यावा. त्यात हलके पळणे, अर्ध्या बैठका, एका पायावर तोल आणि उडीवरून गुडघा आत न पडू देता उतरण्याचा सराव असावा. असा सराव नियमित करणाऱ्या संघांत गुडघ्याच्या दुखापती कमी होतात, हे अनेक देशांत दिसून आले आहे. त्याला पैसा लागत नाही, मैदान पुरते. आणि ज्याचा गुडघा आधीच दुखावला आहे, त्याला संघाने एक हंगाम बाहेर बसू द्यावे. त्याची जागा राखून ठेवावी, म्हणजे तो घाईने परतणार नाही.